व्ही.९२ मोडेमच्या खोक्यावरील दावे कितपत खरे मानावेत?

प्रश्न (सातारा):
माझा व्ही.९० मानकाचा मोडेम (दूरध्वनीच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणारे उपकरण) एरवी ४४,००० बिट प्रति सेकंद गतीने जोडला जातो. पावसाळ्यात मात्र ती ३१,२०० पर्यंत उतरते. पोवई नाक्यावरील एका दुकानात त्यापुढच्या व्ही.९२ मानकाचा मोडेम पाहिला. ‘जोडणी निम्म्या वेळात’, ‘इंटरनेट न तोडता फोन घ्या’ आणि ‘सहापट वेग’ असे त्याच्या खोक्यावर छापले आहे. घरात दूरध्वनीची तार एकच असल्याने इंटरनेट चालू असताना फोन लागत नाही, आणि वडिलांच्या औषधपाण्याबद्दल पुण्याहून बहिणीचा फोन केव्हाही येतो, म्हणून दुसऱ्या दाव्याकडे माझे विशेष लक्ष आहे. हा मोडेम घ्यावा का?

उत्तर (सांगली):
आधी आपल्या इंटरनेट सेवादात्याला विचारावे. त्याच्याकडील उपकरणे व्ही.९२ची नसतील, तर नवा मोडेम मुकाट्याने व्ही.९०वर उतरतो आणि खोक्यावरील पहिल्या दोन गोष्टी मिळतच नाहीत. फोन घेण्याच्या सोयीसाठी तर आपल्या दूरध्वनीवर कॉल वेटिंगही हवे, आणि जोडणी किती वेळ थांबवून धरायची हे सेवादाताच ठरवतो.

‘सहापट’ या शब्दाने मात्र सरळसरळ दिशाभूल होते. तो आकडा व्ही.४४ या संकोचन (माहिती आकुंचित करून पाठवण्याच्या) पद्धतीच्या कमाल क्षमतेचा आहे, तारेच्या वेगाचा नव्हे, जुन्या व्ही.४२बिसचीही अशीच कमाल चौपट सांगितली जात असे. साधा मजकूर चांगला आकुंचन पावतो. परंतु जेपेग चित्रे, एमपी३ गाणी आणि झिप फायली आधीच आकुंचित असल्याने त्यांत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ४४,००० बिट म्हणजे सेकंदाला साडेपाच हजार बाइट, त्यामुळे १० लाख बाइटच्या छायाचित्राला तीन मिनिटे लागतात, आणि नव्या मोडेमवरही तेवढीच लागतील. पाठवण्याची कमाल गती ३३,६०० वरून ४८,००० होते हा खरा लाभ आहे, पण तोही दोन्ही टोके व्ही.९२ असतील तरच.

उत्तर (कराड):
पावसात गती घटते याचा अर्थ दोष तारेत आहे. घरातील समांतर (त्याच तारेवर जोडलेला दुसरा) फोन काढून पाहावा. एक आकडा फिरवून डायल टोन थांबला की रिसीव्हरमध्ये खरखर येते का ते ऐकावे, आणि येत असल्यास लाइनमनकडून खांबावरील जोड तपासून घ्यावेत. ओलावा शिरलेल्या जोडावर कोणत्याही मोडेमचा इलाज नाही.

प्रश्नकर्ता (सातारा):
दोघांचेही मनापासून आभार. सेवादात्याकडे अद्याप व्ही.९०च आहे, असे उत्तर मिळाले. त्यामुळे खरेदी रद्द केली. स्वयंपाकघरातील समांतर फोन काढताच काल रात्री ४६,६६७ ही गती मिळाली. खरखर अजून आहे, तेव्हा लाइनमनकडे तक्रार नोंदवली आहे. बहिणीसाठी रात्री आठ ते नऊ फोन मोकळा ठेवायचे ठरले. त्याखेरीज तिला तातडीने बोलायचे झाल्यास शेजाऱ्यांचा क्रमांक दिला आहे.