येऊरचा वणवा आणि लाँगलीफ पाइनची आग

अमेरिकेत जंगलं मुद्दाम जाळतात, मग ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या वणव्याचं एवढं काय, असं कुणी कुणी विचारतं. फरक खूप मोठा आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात लाँगलीफ पाइन या लांब सुईसारख्या पानांच्या झाडाच्या जंगलात दर दोन-तीन वर्षांनी, वारा आणि ओल पाहून हलकी आग लावतात. त्या पाइनच्या बीला रुजायला उघडी माती लागते, ती पाचोळा जळून गेल्यावर मिळते. रोपटंही पहिली काही वर्षं गवताच्या झुबक्यासारखं जमिनीलगत राहतं आणि लांब सुया मधल्या कोंबाला वाचवतात. हलक्या आगीची धग मातीत फार खोल जात नाही, त्यामुळे वरच्या पाचोळ्यातली बुरशी जळाली तरी खालच्या मुळांना जोडलेली, झाडाला पाणी-अन्न मिळवून देणारी बुरशी बरीचशी टिकते.

येऊरला मार्चपर्यंत पाला कडकडीत वाळलेला असतो. साग, ऐन यांसारखी मोठी झाडं आग सोसतात, खोडातून पुन्हा फुटतात. पण पावसाळ्यात रुजलेली कोवळी रोपं दरवर्षी जळाली, तर जुन्या झाडांची जागा घेणार कोण? मला याचीच खरी काळजी वाटते. वणवा अडवायला ठरावीक पट्ट्यातलं गवत आधीच जाळून काढलेली जाळरेषा मात्र हवीच, आणि तीही ऊन तापायच्या आत.