ट्रेनिंगनं मन सावरतं की आणखी खचतं?

रंकाळाकाठ: धाकटा भाऊ बी.ए. झालाय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी ऑफिसात होता. विद्यावेतन महिना 10 हजार. आधी 6 महिने, मग मुदत वाढून 11. तेवढ्यात पोरगं माणसात आलं होतं. मुदत संपली, आता जेवायलासुद्धा आम्ही उठल्यावर बसतंय. पुढं नोकरी द्यायची नसेल तर असली आशा लावूच नये.

उद्यमनगरी: नाही पटत. 1930च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावची गिरणी बंद पडली. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांना तिथं दिसलं, वेळच वेळ असून लोकांचं वाचनालयातून पुस्तकं नेणंही कमी झालं. पगाराबरोबर दिवसाची घडी जाते, उठबस जाते, ओळख जाते. ट्रेनिंगनं तेवढं तरी परत मिळतं. भाऊ खचला तो ट्रेनिंग संपल्यानं.

कळंबारोड: उद्यमनगरींशी सहमत. शिवणाच्या कोर्सला जायला लागल्यापासून सासूबाई "कुठं निघालीस?" विचारायच्या बंद झाल्या. मशीन अजून घेतलेलं नाही, तरी झोप लागते.

शिरोलीकर: ताई, तुम्ही काहीतरी शिकलात. ऑफिसात दिवसभर झेरॉक्स काढून घेतात, त्याला काय ट्रेनिंग म्हणायचं व्हय? सर्टिफिकेट घेऊन पोरं आमच्या फाउंड्रीच्या गेटवर येतात. मापं घ्यायचा व्हर्नियर हातात दिला की चेहरा पडतो. तो अपमान कुठल्या अहवालात येत नाही.

उद्यमनगरी: म्हणून तर शिकवायचं काय, ते बघा. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या 'जॉब्स' कार्यक्रमात नोकरी कशी शोधायची ते शिकवत, आणि नकार आला तर पुढं काय करायचं याचीही तालीम घेत. नैराश्याचा धोका जास्त असलेल्यांना फायदाही जास्त झाला. आपल्याकडं ही तालीम कोण घेतं?

रंकाळाकाठ: म्हणजे जागा काढायच्या नाहीत आणि पोरांनी नकार पचवायला शिकायचं! भारी आहे राव. दोष शेवटी त्याच्याच माथी.

उद्यमनगरी: दोष नाही देत. तो बोलतच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, तेवढं लावून बघा.

शिरोलीकर: नंबर द्या, पण कामही द्या. व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन, शिकायची तयारी असेल तर पाठव भावाला. ऑपरेटर मिळंनात आम्हाला.

रंकाळाकाठ: विचारतो. पण 11 महिने पंख्याखाली फायली लावल्यात त्यानं. आता एमआयडीसी म्हटलं की तोंड फिरवतो, हीसुद्धा योजनेचीच देणगी.