मदत हवी आहे: अल्टिमेटमध्ये एखाद्या खेळाडूच्या खिलाडूवृत्तीची दखल नेमकी कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी,

अल्टिमेट फ्रिस्बी खेळणाऱ्या, खेळवणाऱ्या किंवा पूर्वी खेळलेल्या सगळ्यांकडून सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण घडलेलं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

मी आमच्या टीमची स्पिरिट कॅप्टन, म्हणजे टीमच्या खिलाडूवृत्तीकडे (स्पिरिटकडे) लक्ष ठेवणारी, आहे आणि आमच्या बारा टीमच्या लीगच्या आयोजनातही हातभार लावते. स्पिरिट ट्रॉफी आतापर्यंत फक्त टीमला मिळायची. या मोसमापासून एका खेळाडूचाही खिलाडूवृत्तीसाठी गौरव करायचं ठरलं आहे. तो खेळाडू निवडायचा कसा, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलंय आणि तिथेच माझं घोडं अडलंय.

आधी एक प्रसंग सांगते. मोसमातल्या एका स्पर्धेचा उपांत्य सामना, १४-१४. पुढचा पॉइंट ज्याचा, सामना त्याचा. आमची मॅच नव्हती, मी एंड झोनच्या (जिथे डिस्क झेलली की पॉइंट मिळतो) कोपऱ्याशी साइडलाइनला उभी होते. हँडलरनं (मागे राहून पास देणाऱ्यानं) लांब फोरहँड टाकला. वाऱ्यामुळे डिस्क शेवटी भसकन खाली बसली आणि एक कटर (पुढे धावून पास घेणारी) अक्षरशः आडवी झेपावली. पोटावर घसरत गेली, डिस्क हातात. तिची टीम ओरडत मैदानात धावली. तिच्यावर असलेली डिफेंडर दोन पावलं मागे होती, तिला फक्त पाठ दिसत होती. तीसुद्धा हात मिळवायला पुढे निघाली होती. ही मुलगी गुडघ्यांवर उठली, डिस्कच्या कडेत अडकलेलं गवत अंगठ्यानं काढलं आणि म्हणाली, "खाली होती. आधी जमिनीला लागली, मग हातात आली."

तिला कोणी विचारलं नव्हतं. कोणी कॉल केला नव्हता, म्हणजे चूक झाल्याचं पुकारलं नव्हतं. पण टर्नओव्हर झाला, म्हणजे डिस्कचा ताबा गेला. समोरच्यांनी डिस्क उचलली, सात-आठ पासमध्ये पलीकडच्या एंड झोनमध्ये नेली आणि सामना संपला.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी: अल्टिमेटमध्ये खेळाडूच पंच असतात. जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यातसुद्धा फाऊलचा निर्णय मैदानावरचे चौदा जणच घेतात. एकमत झालं नाही तर बहुतेक वेळा डिस्क टाकणाऱ्याकडे परत जाते आणि खेळ पुढे सुरू होतो. सामन्यानंतर प्रत्येक टीम समोरच्या टीमला पाच बाबतींत ० ते ४ गुण देते: नियमांचं ज्ञान आणि वापर, फाऊल आणि शारीरिक संपर्क, निष्पक्षपणा, वृत्ती आणि स्वतःवरचा ताबा, संवाद. २ म्हणजे नेहमीचा चांगला सामना. सगळीकडे २ मिळाले की १० होतात, आणि १० म्हणजे काही कमी नव्हे. २० पैकी १० बघून नवे खेळाडू हिरमुसतात, त्यांना हे दरवर्षी समजवावं लागतं.

तर त्या मुलीच्या टीमला त्या सामन्यात मिळाले ९. शारीरिक संपर्कात १, कारण त्यांचा एक जण दोनदा अंगावर जाऊन आदळला होता. तो १ अगदी रास्त होता. निष्पक्षपणात २. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, "चांगला सामना झाला."

फॉर्म भरणाऱ्या कॅप्टनला मी दोष देत नाही. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि फॉर्म पूर्ण टीमचा, पूर्ण सामन्याचा असतो. फॉर्मनं त्याचं काम केलं. पण मोसमातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठेच नोंदली गेली नाही, हे मला खूप लागलं.

गेल्या वर्षी आम्ही सामन्यानंतरच्या सर्कलमध्ये (दोन्ही टीम गोल करून उभ्या राहतात तेव्हा) हात वर करून समोरच्या टीममधला एक 'स्पिरिट प्लेअर' निवडून बघितला. मोसमभर तीच चार-पाच नावं येत राहिली. सगळ्यांशी हसून बोलणारी, साइडलाइनला नाचणारी, समोरच्याच्या चांगल्या कॅचलाही टाळी देणारी माणसं. ती मनापासून तशी आहेत आणि खेळात त्यांचं मोल आहेच. पण एक अबोल डिफेंडर आहे, ज्याला मी मोसमभर पाहत आले. मार्कर म्हणून, म्हणजे डिस्क टाकणाऱ्याला अडवायला, उभा राहिला की डिस्कभर अंतर ठेवतो. स्टॉल, म्हणजे डिस्क टाकायला मिळणारे सेकंद, मोजताना घाई करत नाही. एकदा त्यानं पिकचा (मध्ये कुणी आल्यानं आपल्या खेळाडूमागे जाता आलं नाही, असा) कॉल केला, समोरच्याचं ऐकून घेतलं, दोन सेकंद विचार केला आणि म्हणाला, "नाही, तसंही मी पोचलो नसतो. कॉल मागे घेतो." त्याचं नाव एकदाही आलं नाही.

उलटी चूकही होते. जो कधीच कॉल करत नाही तो मोठ्या मनाचा, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. नियम सांगतो की त्या चालीच्या निकालावर फरक पडेल अशाच चुकीवर कॉल करा. म्हणजे फरक पडत असेल तर करायला हवा. मार्कर सारखा हाताला हात लावतोय आणि तुम्ही गप्प बसताय, तर पुढच्या सामन्यात तो आणखी कुणाला तरी लावणारच. शांतपणे, नेमका कॉल करणं हीसुद्धा खिलाडूवृत्ती. पण त्यासाठी हात वर करणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

आता विचारते. मतं कोणी द्यायची: समोरच्या टीमनं, स्वतःच्या टीमनं, की आयोजकांनी? आणि बक्षीस आहे म्हटल्यावर लोक दाखवण्यासाठी वागू लागले तर? कोणी हे नीट जमवलं असेल तर कृपया सांगा. मोसमाचे अजून सहा आठवडे हातात आहेत.

– डावखुरी

प्रतिसाद: जुना_हँडलर

डावखुरी, तुमच्या अडचणीचं मूळ मला प्रश्नातच दिसतंय. "सगळ्यात चांगल्या स्पिरिटचा खेळाडू कोण?" असं विचारलं की डोक्यात चेहरा येतो, आणि चेहरा हसऱ्याचाच येतो. त्याऐवजी "आज समोरच्या टीममधल्या कुणी काय केलं, जे तुम्हाला लक्षात ठेवावंसं वाटतं?" असं विचारून बघा. आधी घटना, मग नाव. घटना सांगता येत नसेल तर नाव घ्यायचं नाही. आम्ही हे कागदावर लिहून घेऊन तीन मोसम केलं. पहिल्या महिन्यात निम्म्या टीमचे कागद कोरे यायचे आणि मला वाटायचं की फसलं. मग लोक बघायला शिकले. सामन्यात लक्ष ठेवलं नाही तर शेवटी लिहायला काही नसतं, हे त्यांना कळलं.

जागतिक महासंघाच्या नियमांच्या अगदी पहिल्या कलमात चांगल्या स्पिरिटची उदाहरणं दिली आहेत: आपल्याच सहकाऱ्याला त्याचा कॉल चुकीचा होता असं सांगणं, गरज नाही असं वाटल्यावर स्वतःचा कॉल मागे घेणं, समोरच्याच्या चांगल्या खेळाला दाद देणं, समोरच्याला आपली ओळख करून देणं, मतभेदात शांत राहणं. ती सामन्याआधी मोठ्यानं वाचा. तुमचा अबोल डिफेंडर त्यात थेट बसतो. आणि सहकाऱ्याला "तुझा कॉल चुकीचा होता" म्हणणं मला या सगळ्यात अवघड वाटतं. समोरच्यापुढे चूक कबूल करायला एकदाच धीर लागतो, सहकाऱ्याबरोबर मात्र परत जाताना एकाच गाडीत बसायचं असतं.

कागद कॅप्टननं एकट्यानं भरू नये, एवढं मात्र बघा. सर्कल सुटल्यावर टीम पाच मिनिटं बसते, पाणी पिते, बूट सोडते, तेव्हा सगळ्यांना विचारून भरावा. तुमच्या त्या सामन्यात डिफेंडरला विचारलं असतं तरी पुरलं असतं.

प्रतिसाद: वाऱ्याविरुद्ध

मी थोडं वेगळं सांगतो. वैयक्तिक बक्षीस नकोच, असं मला वाटतं. अमेरिकेच्या कॉलेज अल्टिमेटमध्ये कॅलाहन पुरस्कार खेळाडूच मतं देऊन ठरवतात आणि त्यात कौशल्य, नेतृत्व आणि खिलाडूवृत्ती तिन्ही बघायची असतात. कल्पना उत्तम आहे. पण टीम आपापल्या उमेदवाराचे व्हिडिओ काढून फिरवतात, आणि व्हिडिओत झेप दिसते, मागे घेतलेला कॉल दिसत नाही. मतदान आलं की प्रसिद्धी आलीच.

दुसरं, तुम्ही त्या मुलीच्या टीमबद्दल काही लिहिलं नाहीत. सामना संपल्यावर ते तिच्याशी कसे वागले? मी अशाच प्रसंगातून गेलोय. अंतिम सामन्यात मी स्वतःहून सांगितलं की माझा पाय रेषेवर होता. समोरच्यांनी मिठ्या मारल्या. माझ्या टीममधले दोघे पंधरा दिवस धड बोलले नाहीत. मला तेव्हा ट्रॉफी नको होती. माझ्याच माणसांपैकी कुणीतरी "बरोबर केलंस" म्हणायला हवं होतं. तुम्हाला काही बदलायचंच असेल तर तिथून सुरुवात करा.

प्रतिसाद: तिसरा_कट

वाऱ्याविरुद्ध दादा, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण बक्षीस नको म्हणून नोंदच नको, असं कसं? अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये चक्क पंच असतात, तरी तिथे इंटिग्रिटी रूल ठेवला आहे: पंचानं तुमच्या बाजूनं निर्णय दिला आणि तो चुकीचा आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर तुम्ही तो स्वतः फिरवू शकता. असं झालं की समालोचक थांबून सांगतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांमुळे कुणाचं वागणं खोटं ठरत नाही, कारण पॉइंट खरोखर गेलेला असतो.

ताई, दिखाव्याची भीती मला यामुळेच कमी वाटते. हाय-फाइव्ह फुकट देता येतो. १४-१४ला झेल नाकारणं फुकट होत नाही. कागदावर एक रकाना वाढवा: "त्यामुळे त्या खेळाडूच्या टीमला काय सोडावं लागलं?" काहीच सोडावं लागलं नसेल तर तसं लिहा, हरकत नाही. पण वाचणाऱ्याला फरक कळेल.

प्रतिसाद: डावखुरी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस यावर विचार केला आणि दोन फोनही केले.

वाऱ्याविरुद्ध, तुमचा प्रश्न मला झोंबला, कारण मी तिच्या टीमकडे बघितलंच नव्हतं. म्हणून तिला फोन केला. त्या रात्री टीमच्या ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही, म्हणाली. चांगलंही नाही, वाईटही नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला गेली तर त्यांच्या सगळ्यात जुन्या हँडलरनं, ज्याचा तो फोरहँड होता, तिला वॉर्मअपसाठी जोडीदार म्हणून निवडलं आणि अर्धा तास तिच्याबरोबर नुसती डिस्क टाकत राहिला. "तेवढ्यानं मोकळं वाटलं," म्हणाली. तुमच्या वेळी असं कुणी केलं नाही, याचं वाईट वाटतं.

दुसरा फोन त्या सामन्यात तिच्यावर असलेल्या डिफेंडरला. तिला जुना_हँडलर यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तिनं लगेच लिहून पाठवलं: "मला काहीच दिसलं नव्हतं. ती बोलली नसती तर मी हात मिळवून बाहेर गेले असते. तिनं सांगितलं म्हणून आम्ही अंतिम सामना खेळलो." एवढ्या तीन वाक्यांत तिसरा_कट यांचा रकानाही भरून झाला.

मतदान करायचं नाही, असं आता ठरवतेय. प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही टीमना दोन-दोन चिठ्ठ्या द्यायच्या. एक समोरच्या टीममधल्या कुणासाठी, एक आपल्याच टीममधल्या कुणासाठी. काय घडलं, कुणी केलं, काय सोडावं लागलं, या क्रमानं. कोरी आली तरी चालेल. नेमक्या कॉलची एक ओळ उदाहरण म्हणून वर छापणार आहे, म्हणजे गप्प बसणं म्हणजेच स्पिरिट, असं कुणाला वाटायला नको. एका विजेत्याच्या गौरवाऐवजी हेच करूया, असं आयोजकांना सांगणार आहे. ते मानतील असं वाटतंय.

एकाच गोष्टीवर अजून निर्णय होत नाही. शेवटच्या दिवशी या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या, की ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या? वाचल्या तर बाकीच्यांना कळेल काय बघायचं ते. पण मी त्या मुलीला विचारलं तेव्हा ती जरा थांबली आणि म्हणाली, "ताई, तो पॉइंट सगळ्यांसमोर परत नको. पण ती चिठ्ठी मला द्याल का?" बाकी कुणाला असा अनुभव असेल तर रविवारपर्यंत सांगा, सोमवारी चिठ्ठ्या छापायला जातील.