विभागीय सामन्यांसाठी गोलरक्षक कोण? सतरा वर्षांखालील हॉकी संघाबाबत सल्ला हवा आहे

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार. मी एका शाळेचा सतरा वर्षांखालील मुलांचा हॉकी संघ सांभाळतो. जिल्हास्तरीय स्पर्धा आम्ही जिंकलो असून विभागीय सामने पंधरा दिवसांवर आले आहेत. माझ्याकडे दोन गोलरक्षक आहेत आणि कोणाला उभे करावे याचा निर्णय होत नाही. दोघे भाऊ नाहीत, पण सोयीसाठी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतो.

थोरला दहावीत आहे. तो तीन वर्षे मुरमाच्या मैदानावर खेळला आहे, त्यामुळे खड्यावर आपटून अचानक उसळणारा चेंडू कसा घ्यायचा हे त्याच्या अंगवळणी पडले आहे. तो गोलरेषेजवळ थांबून खेळतो आणि त्याचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. धाकटा नववीत असून उन्हाळ्यात टर्फवरच्या (कृत्रिम गवताच्या मैदानावरच्या) शिबिराला जाऊन आला आहे. तो पुढे येऊन फटक्याचा कोन कमी करतो आणि घसरत जाऊन आक्रमकाच्या काठीखालून चेंडू काढतो. विभागीय सामने टर्फवर आहेत, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्वार्टरमध्ये थोरल्याच्या दोन्ही पॅडमधून एक साधा चेंडू गोलात गेला. सामना आम्ही ३-२ असा जिंकलो, तरी त्या एका गोलावरून त्याला बसवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी वहीत नोंद ठेवतो. थोरल्याने चार सामन्यांत गोलाच्या दिशेने आलेल्या ३१ फटक्यांपैकी २५ अडवले. धाकट्याने दोन सामन्यांत ५ पैकी ५ अडवले. दुसरा प्रश्न असा की, यादीत दोन गोलरक्षक घ्यावेत, की एकच घेऊन एक बचावपटू वाढवावा? थोरल्याचे हे दहावीचे वर्ष असल्याने क्रीडागुणांचा विषयही त्याच्या घरी निघतोच, हे लपवत नाही.

जुना किपर (छत्रपती संभाजीनगर)

सर, आपण वही ठेवता हे वाचून बरे वाटले. आमच्या काळी गोलरक्षकाचा हिशेब लोकांच्या तोंडीच असे आणि त्यात फक्त खाल्लेले गोल असत.

मला आधी हे सांगा की थोरल्यावरच्या त्या सहा गोलांपैकी पेनल्टी कॉर्नरवर (बचावाच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणाऱ्या, गोलरेषेवरून चेंडू देऊन सुरू होणाऱ्या संधीवर) किती झाले. पेनल्टी कॉर्नरला गोलरक्षकासह पाचच जण बचावाला असतात आणि फटका रोखायला गोलरेषेवरून पहिला धावणारा खेळाडू अर्धा क्षण उशिरा निघाला, तर ड्रॅग फ्लिक (काठीने ओढत उचलून फेकलेला फटका) मारणाऱ्याला मोकळी जागा मिळते. तो गोल वहीत गोलरक्षकाच्या नावावर चढतो, पण चूक धावणाऱ्याची असते. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो, आणि एवढी जागा एकट्या मुलाने झाकावी अशी अपेक्षा कोणी करू नये. उलट पॅडमधून गेलेला चेंडू ही निव्वळ त्याची चूक आहे. तेव्हा वहीत तीन रकाने करा: कॉर्नरवरचे फटके, डी (गोलासमोरचे अर्धवर्तुळ) मधले समोरासमोरचे फटके आणि पॅडला लागून परत आलेल्या चेंडूवरचे फटके. तिसऱ्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या, कारण चेंडू अडवून तो पुन्हा आक्रमकाच्याच काठीवर देणारा गोलरक्षक पहिल्या रकान्यात चांगला दिसतो आणि सामना मात्र हातचा जातो.

टर्फबद्दल बोलायचे तर, १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आपला संघ सातवा आला, हे आपणास ठाऊक असेल. मातीवर घडलेल्या हातांना टर्फ परके वाटते, आणि गोलरक्षकाला ते सर्वांत आधी जाणवते. ओल्या टर्फवर चेंडू उसळत नाही, तो जमिनीलगत सरपटत अपेक्षेपेक्षा लवकर येतो. गोलरेषेजवळ थांबून खेळणाऱ्याला प्रतिक्रियेसाठी वेळच उरत नाही. नांदेडला खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरु गोविंदसिंगजींच्या नावाच्या चषकाचे सामने पाहत मोठी झालेली मुले उसळीला घाबरत नाहीत, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण त्या मुलांना इथे टर्फवर आल्यावर पहिला अर्धा तास चाचपडतानाही मी पाहिले आहे. माझे मत धाकट्याच्या बाजूने आहे, पण ते त्याच्या पाचपैकी पाचमुळे नव्हे.

परभणीकर (सध्या ऑंटारिओ, कॅनडा)

विषय हॉकीचाच आहे, म्हणून बर्फावरच्या हॉकीतले थोडे सांगतो. इथे आल्यापासून कुमार गटाचे सामने नियमित पाहतो आणि गोलरक्षकावरून असे वाद इथे दर आठवड्याला होतात.

इथल्या प्रमुख कुमार लीगमध्ये साधारण १६ ते २० वर्षांची मुले खेळतात. ऑंटारिओच्या लीगमध्ये एका संघाला हंगामात ६८ सामने असतात आणि कधीकधी शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन. त्यामुळे प्रत्येक संघ दोन गोलरक्षक बाळगतो आणि दुसऱ्यालाही ठरवून सामने देतो. गोलरक्षक जोखायला इथे मुख्यतः दोन आकडे वापरतात. एक, सामन्यामागे सरासरी किती गोल खाल्ले. दोन, आलेल्या फटक्यांपैकी शेकडा किती अडवले. पहिला आकडा बचावफळी चांगली असेल तर आपोआप सुधारतो, म्हणून जाणकार दुसऱ्याकडे पाहतात, आणि शंभरात नव्वद अडवणे ही साधारण कसोटी मानतात. बर्फावरच्या हॉकीत गोल जेमतेम १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असतो व गोलरक्षक त्यातला बराचसा भाग अंगानेच झाकतो, त्यामुळे ही नव्वदची कसोटी आपल्या हॉकीला लावू नये.

आता आपल्या वहीचे पाहू. थोरल्याचे प्रमाण शेकडा ८१ च्या आसपास येते आणि धाकट्याचे १००. पण पुढच्या सामन्यात धाकट्यावर पाच फटके आले आणि दोन गोल झाले, तर तो दहापैकी आठ, म्हणजे ८० वर येतो आणि थोरल्याच्या किंचित खाली जातो. एका सामन्यात ज्याचा क्रम उलटू शकतो, त्या आकड्यावर निवड टिकत नाही. पाच फटके ही नोंद आहे, तिला पुरावा म्हणता येणार नाही.

राखीव गोलरक्षकाचे मोल किती मानायचे, याचे एक उदाहरण देतो. युरोपातून येणाऱ्या गोलरक्षकांमुळे कॅनडाच्या मुलांना खेळायला मिळत नाही, अशी ओरड झाली आणि तिन्ही प्रमुख कुमार लीगनी २०१४ पासून परदेशी खेळाडूंच्या वार्षिक निवडीत गोलरक्षक घेणेच बंद केले. ते बंधन २०१८ मध्ये उठवले. ते योग्य होते की नाही, यावर इथे अजून एकमत नाही. मला इतकेच दिसते की मैदानावर उतरवल्याशिवाय गोलरक्षक तयार होत नाही, ही गोष्ट त्यांनी नियम बदलण्याइतकी गंभीर मानली. शक्य असल्यास आपणही क्वार्टर वाटून द्यावेत. आंतरराष्ट्रीय प्रो लीगमध्ये श्रीजेश आणि कृष्ण पाठक या दोन गोलरक्षकांना आपल्या भारतीय संघाने तसे खेळवले आहेच.

गोदाकाठ (नांदेड)

दोघांचेही आभार. जुन्या वहीतून पुन्हा मोजले. थोरल्यावरच्या सहा गोलांपैकी चार पेनल्टी कॉर्नरवरचे निघाले, एक परतलेल्या चेंडूवरचा आणि एक तो पॅडमधला. पहिला धावणारा मुलगा तीन वेळा उशिरा निघाला होता, हेही आता आठवते. त्या वेळी माझी नजर गोलरक्षकावरच होती.

परभणीकर साहेब, आपला हिशेब पटला, परंतु ६८ सामन्यांचा न्याय आमच्याकडे लागू होणे कठीण आहे. विभागाचे सामने बाद पद्धतीचे असतात. सकाळी हरलो, तर दुपारच्या गाडीने परत. क्वार्टर वाटून देण्यात दुसरी अडचण अशी की, आमच्याकडे किट एकच आहे. लेगगार्ड, किकर (बुटांवरचे पॅड), छातीचे कवच, हेल्मेट हे सगळे एकाच्या अंगावरून उतरवून दुसऱ्याला चढवायला दोन क्वार्टरमधला वेळ पुरत नाही, आणि दोघांच्या उंचीत चार बोटांचे अंतर आहे ते वेगळेच.

अंबाजोगाईची

सर, मी मुलींच्या संघात राखीव गोलरक्षक होते, म्हणून त्या बाजूने लिहिते.

विभागीय स्पर्धेला मला नेले होते. तीन दिवस मी किट न घालता बाकावर बसले आणि कोणी मला का बसवले आहे हे सांगितले नाही. मुख्य गोलरक्षक चुकली की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळत, आणि तिला ते दिसत असे. दुसऱ्या सामन्यात ती चेंडूऐवजी बाकाकडे पाहत होती, असे मी आजही म्हणेन. परत आल्यावर प्रमाणपत्र मिळाले, गुणही मिळाले, आणि पुढच्या वर्षी मी खेळणे सोडले. प्रशिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी फक्त निर्णय सामन्याच्या सकाळपर्यंत मनात ठेवला.

श्रीजेश यांचे उदाहरण सगळे देतात, पण त्यातला वाट पाहण्याचा भाग गाळतात. २००६ मध्ये वरिष्ठ संघातून पहिला सामना खेळलेल्या या खेळाडूची जागा पक्की व्हायला २०११ उजाडले. मधल्या काळात ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या पसंतीचे गोलरक्षक होते. २०१६ ला लखनौमध्ये आपण कुमार विश्वचषक जिंकलो, तेव्हा ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर आक्रमक विरुद्ध एकटा गोलरक्षक अशा लढतीत) गोल वाचवून विकास दहिया सर्वांच्या ओठी आले. त्याच संघातले दुसरे गोलरक्षक कृष्ण पाठक होते, आणि पॅरिस ऑलिंपिकला श्रीजेश यांच्या मागे राखीव म्हणून पाठकच गेले. सतराव्या वर्षी कोण पुढे आहे, यावरून पुढचे काही ठरत नाही. म्हणून थोरल्याच्या क्रीडागुणांची आणि धाकट्याच्या भवितव्याची काळजी बाजूला ठेवून या सामन्यापुरतेच ठरवावे, आणि जे ठरेल ते दोघांना एकत्र बसवून, कारणासह, आजच सांगावे.

जुना किपर (छत्रपती संभाजीनगर)

ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त क्रीडागुणांबाबत नाही. गावाकडच्या मुलाला ते गुण म्हणजे पुढच्या प्रवेशाचा आधार असतो, आणि प्रशिक्षकाने त्याकडे डोळेझाक करावी हे मला जमले नसते. अर्थात त्यासाठी त्याचे नाव यादीत असणे पुरेसे आहे. गोलात तोच उभा असला पाहिजे असे नाही.

म्हणूनच दोन गोलरक्षक न्या. ऑलिंपिकला सोळाच खेळाडू नेता येतात, म्हणून तिथे संघ एकच गोलरक्षक घेतात आणि दुसऱ्याला राखीव ठेवतात. आपल्यावर तशी सक्ती नाही. एकुलता गोलरक्षक जायबंदी झाला तर गोलात कोणाला उभे करणार? आणि बाद सामना बरोबरीत सुटला तर शूटआउट आहे. तेवीस मीटरच्या रेषेवरून आक्रमक एकटा येतो, त्याला आठ सेकंद असतात, आणि तिथे गोलरेषेवर थांबणारा हमखास फसतो. जर्मनीने २०२३ च्या विश्वचषकात शूटआउटसाठी खास दुसरा गोलरक्षक, डॅनेबर्ग, उतरवला आणि अंतिम सामन्यात बेल्जियमला हरवले. आपल्या दोघांत शूटआउट कोणाचे, हे उद्याच्या सरावात दहा-दहा संधी देऊन पाहा.

परभणीकर (सध्या ऑंटारिओ, कॅनडा)

किट एकच आहे हे मला सुचलेच नव्हते. इथे लहान मुलाच्याही दोन-दोन जोड्या पाहून माणूस विसरतो. क्वार्टर वाटण्याची सूचना मागे घेतो. शूटआउटपूर्वी मात्र थोडा वेळ मिळतो आणि कपडे बदलायला एकाला दोघे मदतीला दिले तर जमू शकेल. पंचांना आधी विचारून ठेवावे.

गोदाकाठ (नांदेड)

काल सरावात शूटआउटच्या दहा-दहा संधी दिल्या. धाकट्याने सहा अडवल्या, थोरल्याने तीन, आणि त्या तीनपैकी दोन आक्रमकाने स्वतःच बाहेर मारल्या होत्या. दहा ही संख्याही लहान आहे, हे परभणीकर साहेबांनी सांगण्याआधी मीच लिहून टाकतो. तरी पुढे येण्यातला फरक डोळ्यांना दिसत होता.

संध्याकाळी दोघांना शाळेच्या ओट्यावर बसवून सांगितले की टर्फवर सुरुवात धाकटा करेल, यादीत दोघेही असतील, आणि एका गोलामुळे कोणालाही मध्येच काढले जाणार नाही. कॉर्नरच्या चार गोलांचा हिशेबही वाचून दाखवला, कारण ते ओझे थोरला एकटाच वाहत होता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले की, कॉर्नरला धावणाऱ्या मुलांचा सराव मी गोलात उभा राहून घेतला तर चालेल का. उद्यापासून तो तेच करणार आहे. वडिलांना मी अजून भेटलेलो नाही, ते रविवारी येणार आहेत.

किटचे असे झाले की, जवळच्या एका शाळेने जुने लेगगार्ड आणि हेल्मेट पंधरा दिवसांसाठी द्यायचे कबूल केले आहे. उजव्या लेगगार्डचा मधला पट्टा तुटलेला आहे. तो चांभाराकडे शिवून घ्यावा की बकल नवीन लावावे, हे जुना किपर यांनी सांगितल्यास उपकार होतील.

जुना किपर (छत्रपती संभाजीनगर)

नवीन बकल लावा. शिवलेला पट्टा पहिल्याच घसरणीत उसवतो. आणि पट्ट्याचे टोक बाहेरच्या बाजूला ठेवा, आतल्या बाजूला ठेवले तर दोन्ही पाय एकमेकांत अडकतात.