डिस्कची कॅश की डिस्कवरची कॅश?

प्रश्न: एका प्रोग्रामचं मॅन्युअल मराठीत करतोय, त्यात 'डिस्क कॅश' दोनदा आलंय आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध वाटतायत. एकीकडे म्हणतात डिस्क कॅशमुळे रॅम भरलेली दिसते, दुसरीकडे म्हणे मशीन बंद करून चालू केलं तरी डिस्क कॅश टिकते. रॅममधलं टिकेल कसं? आणि कॅशला 'साठा' चालेल का? ती कॅश की तो कॅशे तेही सांगा.

प्रतिसाद: दोन्ही बरोबर आहेत, गोष्टीच दोन आहेत आणि नाव एक. मराठीत प्रत्यय लावला की गुंता सुटतो. पहिली 'डिस्कची कॅश', म्हणजे डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची प्रत जी ऑपरेटिंग सिस्टिम मोकळ्या रॅममध्ये ठेवते, लिनक्सवाले पेज कॅश म्हणतात ती. मेमरीचा वापर दाखवणाऱ्या फ्री कमांडमध्ये बफ/कॅश रकान्यात मोठा आकडा बघून लोक उगाच घाबरतात, दुसऱ्या प्रोग्रामला जागा लागली की त्यातली बरीचशी लगेच सोडली जाते. दुसरी 'डिस्कवरची कॅश', ब्राउझर नेटवरून चित्रं वगैरे एकदा आणून डिस्कवर ठेवतो ती. एकदा काही वाचायला रॅमला साधारण १०० नॅनोसेकंद, एसएसडीला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, फिरत्या डिस्कला काही मिलिसेकंद आणि लांबच्या सर्व्हरला १०० मिलिसेकंदही सहज लागतात, त्यामुळे रॅमपुढे रडतखडत चालणारी डिस्क नेटपुढे मात्र वेगवान ठरते. म्हणून लिहिताना कॅश कशाची आणि कुठे, दोन्ही सांगा.

प्रतिसाद: साठा नको हो. साठा संपला की माल गेला, कॅश उडाली तर मूळ दुसरीकडे असतंच, पुढच्या वेळी थोडं हळू चालेल एवढंच. फोनमध्ये क्लिअर कॅशे आणि क्लिअर डेटा अशी वेगळी बटणं असतात ती याचसाठी, दुसरं दाबलं तर लॉगिनसकट सगळं जातं. मूळ फ्रेंच क्रियापद 'लपवणे' या अर्थाचं. १९६५ मध्ये संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्सने याच कल्पनेला 'स्लेव्ह मेमरी' म्हटलं होतं, पण १९६८ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम ३६०, मॉडेल ८५ या संगणकाच्या वेळी कॅश हे नाव आलं आणि तेच रुळलं. प्रोसेसरच्या कॅशला लपलेली म्हणणं ठीक, प्रोग्रामला तिचा पत्ताच नसतो. पण रेडिस किंवा मेमकॅश्ड या रॅममध्ये डेटा ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रोग्रामरच स्वतःच्या हाताने डेटा टाकतो, तिथे लपलंय काय? तेव्हा 'गुप्त' वगैरे शब्दही बाद. कॅश तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'हाताशी ठेवलेली प्रत' असं लिहा.

प्रतिसाद: 'उडाली तर मूळ असतंच' हे वाचण्यापुरतं खरं, लिहिताना नाही. राइट-बॅक नावाच्या पद्धतीत नवीन डेटा आधी कॅशमध्येच जातो आणि डिस्कवर नंतर सवडीने उतरतो, मधल्या वेळात त्या डर्टी, म्हणजे अजून डिस्कवर न उतरलेल्या पानांची दुसरी प्रत कुठेच नसते आणि तेवढ्यात वीज गेली तर गेलं. डेटाबेसवाले एफसिंक एफसिंक (म्हणजे 'आत्ताच डिस्कवर उतरव' असा हुकूम) करत असतात ते उगाच नाही. म्हणजे मॅन्युअलमध्ये 'कॅश केव्हाही उडवा' असं सरसकट लिहू नका.

प्रश्नकर्ता: हे बरं सांगितलंत. आणि स्टेल? 'शिळा' लिहिलंय मी.

प्रतिसाद: शिळा झकास आहे, 'अरे शिळा डेटा येतोय, कॅश उडव' असं बोलतोच की आपण. फक्त एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यात, स्टेल म्हणजे नुसती मुदत संपलेली प्रत, ती चुकीचीच असेल असं नाही. ब्राउझर सर्व्हरला विचारतो, ३०४ उत्तर आलं म्हणजे काही बदललेलं नाही, मग तीच प्रत परत वापरतो. तिथे 'मुदत संपलेली' लिहा. मूळ बदललं आणि प्रत जुनीच राहिली, तिला शिळी म्हणा.

राहिलं लिंग. मेमरीसारखं ती कॅश असं बरेच जण बोलतात, कॅशे म्हटलं की तो होतो, काहीही घ्या पण शेवटपर्यंत एकच ठेवा. इंग्रजी उच्चार कॅशच आहे, पैशाच्या कॅशसारखा, आणि मॅन्युअल बिलिंगच्या प्रोग्रामचं असेल तर डोळे झाकून कॅशे लिहा, नाहीतर 'कॅश रिकामी करा' वाचून कुणीतरी गल्ला उघडेल.