मदत हवी आहे: हवा सोडली की क्रँकच फिरतो

मंडळी, जुन्या चार सिलिंडरच्या पेट्रोल जीपचा तिसरा सिलिंडर लंगडतोय. कॉम्प्रेशन गेजवर (सिलिंडरमधला दाब मोजतं ते) बाकीचे तीन १२० पीएसआयच्या आसपास, हा जेमतेम ७०. चमचाभर ऑइल टाकून पाहिलं, काटा फारसा हलला नाही, म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांचा नसावा.

म्हणून गळती कुठून होतेय ते शोधायला स्पार्क प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, तरी ६० पीएसआयलाच क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) गर्रकन फिरला. क्रँकच्या नटाला पाना तसाच लावून ठेवला होता, हात थोडक्यात वाचला! सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत.

पिस्टन नेमका टॉपला (सगळ्यात वरच्या जागी) कसा धरून ठेवायचा? टॉप गिअर आणि हँडब्रेक पुरेल का? (हँडब्रेक नावापुरताच आहे.) आणि ही फुसफुस एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय म्हणून, की पिस्टन खाली गेल्यावर तो उघडला म्हणून? हेड उतरवण्याआधी खात्री हवी.