रात्री अंथरुणात वाचायला दिवा सुचवा (बजेट वाचून सुचवा, प्लीज)

पानखूण:
बाबा ७१ वर्षांचे. रात्री तीनला जाग येते, मग उजाडेपर्यंत वाचत बसतात. खोलीतला दिवा लावला की आई उठते, आणि आई उठली की पुस्तक बाजूला राहून बाबांचंच पारायण सुरू होतं. सध्या मोबाईलचा टॉर्च हनुवटीखाली दाबून काम चाललंय. परवा डुलकी लागली आणि फोन, पुस्तक, चष्मा तिन्ही जमिनीवर. चष्म्याची दांडी गेली.

परिस्थिती अशी: पलंगाच्या डोक्याकडे फळी नाही, नुसता गोल दांडा आहे. बाबांच्या बाजूला टेबल मावत नाही. प्लग दाराशी, म्हणजे वायर आईच्या पायात. तेव्हा चार्जिंगवालाच हवा. पुस्तकाला चिमट्याने लावायचे छोटे दिवे मिळतात, ते कुणी वापरलेत का? बजेट एका जाडजूड कादंबरीएवढं, त्यावर एक पैसा नाही. महाग आणला तर बाबा तो 'जपून वापरू' म्हणत खोक्यासकट कपाटात ठेवतील. मागच्या वाढदिवसाचं घड्याळ अजून तिथेच आहे.

दुसरं, मोठ्या टायपाची मराठी पुस्तकं कशी ओळखायची? नावं सुचवू नका. दुसऱ्याने सुचवलेलं पुस्तक बाबा न वाचताच नापास करतात.

मनीमाऊ:
ई-रीडर घे. विषय संपला. दिवा त्यातच असतो, तो कडेने पानावर पडतो, मोबाईलसारखा डोळ्यांत घुसत नाही. टाईप हवा तेवढा मोठा करता येतो. दोन्ही प्रश्न एकदम सुटले. माझा चार वर्षं झाली, तक्रार नाही.

पानखूण:
मनीमाऊताई, बजेट. एक कादंबरी.

मनीमाऊ:
अगं पण त्यात शेकडो कादंबऱ्या मावतात. त्या हिशेबाने स्वस्तच पडतो.

उंटावरचा_शहाणा:
ई-रीडरवर आधी मराठी उघडून बघा, मग पैसे घाला. माझ्या जुन्या यंत्रात जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते. जुनी पुस्तकं म्हणाल तर बरीचशी स्कॅन केलेली. त्यात टाईप मोठा होत नाही, पानाचा फोटो मोठा होतो. मग एकेक ओळ डावीकडून उजवीकडे ढकलत बसा. दोन पानांत पुस्तकाचा राग यायला लागतो.

बाकी दिव्याबिव्याच्या भानगडीत पडूच नये. अपुऱ्या उजेडात वाचून डोळे जातात. खोलीतला दिवा लावावा, आईंनी डोळ्यांवर पट्टी घ्यावी.

पाटीपेन्सिल:
आईंना पट्टी! तुम्ही सांगा त्यांना.

आणि डोळे जात नाहीत हो. ताण येतो, डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, पण कायमचं नुकसान होत नाही. वयाचा मुद्दा मात्र खरा आहे. साठीपर्यंत बाहुली आकसलेली असते, डोळ्यातलं भिंग पिवळसर झालेलं असतं. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण तिसरा हिस्सा उजेड आत पोचतो. त्यामुळे पानखूण, तुला जो दिवा 'भरपूर' वाटेल तो बाबांना मिणमिणता वाटू शकतो. निवडताना पुस्तक त्यांच्या हातात हवं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? त्यानंतर काहींना पांढरा उजेड टोचतो.

उंटावरचा_शहाणा:
माझ्या मावशीचे डोळे गेले.

पाटीपेन्सिल:
काचबिंदू होता का?

उंटावरचा_शहाणा:
होता. पण अंधारात वाचायचीही.

रातकिडा:
गळ्यात घालायचा दिवा घ्या. घोड्याच्या नालेसारखा आकार, दोन्ही टोकांना दिवे, टोकं हवी तशी वाकवायची. दोन वर्षं रोज वापरतोय. कूस बदलली तरी उजेड आपल्याबरोबर येतो. बजेटच्या जरा वर जाईल, पण एकदाच घ्यायची वस्तू आहे.

एकच गोष्ट, जाड भिंगाचा चष्मा असेल तर खालून आलेला उजेड काचेवर चमकतो. टोकं बाहेरच्या बाजूला वळवायची. मला हे कळायला चार महिने लागले, तोवर मी नंबर वाढला समजून डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो.

ठोंब्या:
गळ्यातला +१. मी वापरलेला नाही, भावाकडे आहे.

माझ्याकडे ट्रेकचा, डोक्याला बांधायचा. वाचायला झकास. फक्त बायकोने काही विचारलं की मान आपोआप तिकडे वळते आणि झोत सरळ तिच्या डोळ्यांत. आता ती आधी 'इकडे बघू नकोस' म्हणते, मग विचारते. त्यात लाल उजेडाची सोय आहे, ती झोपणाऱ्याला त्रास देत नाही. पण लाल पेनाने केलेल्या खुणा लाल उजेडात गायब होतात. माझी वही अशी अर्धी कोरी दिसत होती, घाबरलो.

सुईदोरा:
मी भरतकामाला भिंगवाला दिवा वापरते. बारीक टाईपही टपोरा दिसतो, वेगळी पुस्तकं शोधायला नकोत. अजून कुणी हा सुचवला कसा नाही?

पण भिंगाला झाकण आहे ना बघून घ्या, आणि काम झालं की ते लावाच. मी एकदा उघडा तसाच खिडकीपाशी ठेवला. दुपारी जळका वास यायला लागला म्हणून धावले तर पडद्याला भोक आणि त्यातून धूर. घरात कुणी नसतं तर काय झालं असतं.

पानखूण:
बापरे. हा बाद. बाबा वस्तू जागच्या जागी ठेवणाऱ्यांतले नाहीत. आणि तो टेबलावर ठेवायचा असतो ना? टेबल नाहीये.

सुईदोरा:
स्टँडवाला पण येतो. जमिनीवर उभा राहतो. जरा महाग आहे.

आडवा_वाचक:
कुणाला माहीत नाही वाटतं, आडवं पडून वाचायचे चष्मे असतात. आत लोलक बसवलेला असतो, त्यामुळे नजर छताकडे आणि दिसतं पोटावर ठेवलेलं पुस्तक. मान दुखत नाही, हात भरून येत नाहीत. मी हौसेने मागवले. पहिल्याच रात्री ते घालूनच पाणी प्यायला उठलो आणि दाराऐवजी कपाटात शिरलो.

ठोंब्या:
पण दिव्याचं काय?

आडवा_वाचक:
दिवा लागतोच. मी चष्म्याबद्दल सांगत होतो.

वायरमन:
सगळं वाचलं. कुणीही आकड्यांवर बोललेलं नाही म्हणून लिहितो.

वॅट (खाल्लेली वीज) विसरा, लुमेन (मिळणारा उजेड) बघा. पूर्वीचा ४० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ४५० लुमेन द्यायचा, एलईडीला त्यासाठी ५ वॅटच्या आसपास पुरतात. तुम्हाला तेवढाही नको, कारण दिवा पानाच्या जवळ असणार. लहान दिव्याचं अंतर निम्मं केलं की पानावरचा उजेड चौपट होतो. तेव्हा मोठा दिवा लांब ठेवण्यापेक्षा बारका दिवा जवळ ठेवणं शहाणपणाचं. आईंच्या बाजूला सांडणारा उजेडही त्याने कमी होतो.

रंग २७०० ते ३००० केल्विन, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. ६५०० चा पांढराफटक नको, रात्री तीनला तो मेंदूला सकाळ झाली असं सांगतो आणि उरलीसुरली झोपही जाते. तीन रंग बदलता येणारे मिळतात, त्यातला पिवळा लावायचा.

घेताना दिवा लावून त्यापुढे पेन्सिल जोरात हलवून बघा. पेन्सिलीची सलग धूसर पट्टी दिसली तर ठीक. सुट्या सुट्या पाच-सहा पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतोय, थेट डोळ्यांना कळत नाही पण तासाभराने डोकं धरतं. ठेवून द्या.

चिमट्याचा दिवा गोल दांड्यावर फिरतो. दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, हलणार नाही. पुस्तकाला मात्र लावू नका. पातळ कव्हर वाकतं, पानाचा वरचा भाग लख्ख आणि खालच्या चार ओळी अंधारात, शिवाय दर दहा पानांनी चिमटा सरकवा.

रातकिडा:
थोडक्यात गळ्यातलाच बरा. तो छातीशी असतो, म्हणजे जवळच झाला.

मनीमाऊ:
आणि ई-रीडरला यातलं काहीच लागत नाही.

उंटावरचा_शहाणा:
पेन्सिलीचं करून बघितलं. आमच्या बैठकीतला दिवा लुकलुकतोय. चांगला नामांकित कंपनीचा आहे. आता काय करायचं?

वायरमन:
बदला.

उंटावरचा_शहाणा:
चौदा आहेत.

जुनं_पान:
टायपाबद्दल कुणी बोलेना म्हणून मी. मी वाचनालयात बसतो. नेहमीची पुस्तकं १० ते १२ पॉइंटात असतात, मोठ्या टायपाची म्हणजे १६ किंवा वर. पुस्तकावर हे बहुधा छापलेलं नसतं, आतलं पान उघडावं लागतं. माझा आपला ठोकताळा असा: भरलेल्या पानाच्या ओळी मोजायच्या. नेहमीच्या आकाराच्या पुस्तकात तीसच्या वर गेल्या तर ते वयस्कर वाचकाला देत नाही. पंचवीसच्या आत असतील तर बिनधास्त.

नुसता टाईप मोठा असून भागत नाही. मराठीत उकार खाली लोंबतात, मात्रा आणि रफार वर चढतात. ओळी चिकटून असल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो आणि म्हाताऱ्या डोळ्यांना दोन्ही शब्द परत वाचावे लागतात. ओळींमध्ये हवा खेळती हवी. चकचकीत कागद टाळा, दिवा जवळ असला की त्यावर उजेडाचा डाग पडतो. किंचित पिवळसर, खरखरीत कागद उत्तम.

आणि नवी आवृत्ती म्हणजे सुबक, असं धरून चालू नका. पानं वाचवायला टाईप बारीक केलेल्या आवृत्त्या मी रोज हाताळतो. त्याच पुस्तकाची जुनी प्रत वाचायला कितीतरी सुखाची असते. यावर लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

पाटीपेन्सिल:
काका, हा प्रतिसाद वेगळा धागा करून टाका. दंडवत.

ठोंब्या:
आत्ता घरातली सगळी पुस्तकं काढून ओळी मोजल्या. मला आवडलेली सगळी पंचवीसच्या आतली निघाली. म्हणजे मी लेखक नाही, टाईप वाचत होतो इतकी वर्षं.

पानखूण:
(बारा दिवसांनी) सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

गळ्यातला दिवा मैत्रिणीकडून आणून दिला. बाबांनी घातला, आरशात पाहिलं आणि 'मी काय बैल आहे का' म्हणून काढून ठेवला. ई-रीडर आत्याचा आहे, तोही आणला. त्याला पान उलटल्याचा आवाज नाही म्हणे. मग वायरमनदादा, तुम्ही नको म्हणालात तोच, पुस्तकाला लावायचा चिमट्याचा छोटा दिवा घेतला. कादंबरीच्या निम्म्या किमतीत आला. पेन्सिल हलवून बघितली, सलग पट्टी दिसली.

ट्यूबची पट्टी आणून दांड्याला गुंडाळली होती, पण बाबांना दिवा पुस्तकालाच हवा, कारण पुस्तक मिटून ठेवलं की कुठवर वाचलं ती खूणही तोच. कव्हर वाकू नये म्हणून मागे माझा जुना परीक्षेचा पुठ्ठा लावतात. खालच्या चार ओळी अंधारात राहतात हे अगदी खरं. त्या येतात तेव्हा ते पुस्तक थोडं वर सरकवतात. आईला जाग येत नाही. आली तर निदान बोलत नाही.

जुनं_पान काका, तुमचा ओळींचा हिशेब मी बाबांना सांगितला. त्यांनी कपाटातलं आवडतं पुस्तक काढून मोजलं, चौतीस भरल्या. तरी तेच वाचतायत.

वायरमन:
पट्टी टाकू नका. दांड्याला राहू द्या, लागेल.

रातकिडा:
गळ्यातला एका दिवसात आवडत नाही. आठवडाभर घालायला सांगा.

सुईदोरा:
मैत्रिणीला तो दिवा परत द्यायचा नसेल तर कळवा.

नवा_भिडू:
(सात महिन्यांनी) आमच्याकडेही अगदी हाच प्रश्न. शेवटी कोणता दिवा घेतलात?

मनीमाऊ:
ई-रीडर घ्या.